सुरांचा विणकर

लग्नसराईच्या दिवसांत सोलापूर शहरात संध्याकाळी रस्त्याने निघाले, की एखाद्या वरातीपुढचा बँड हमखास भेटतो. पितळेची कर्णेवजा वाद्ये दिव्यांच्या उजेडात झळकत असतात, क्लॅरोनेट घुमत असते आणि त्यांच्या जोडीला आपला ताशा कडाडत असतो. त्या वेळी वाजणाऱ्या गाण्यांत १९७७ साली पडद्यावर आलेल्या ‘अमर अकबर अँथनी’ या हिंदी चित्रपटातील एक गीत केव्हा ना केव्हा ऐकू येते. त्या गीतात एक विनोदी तरुण आपले नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचे सर्वांना मोठ्या ऐटीने सांगतो. मुले त्या चालीवर नाचू लागतात, वडील माणसेही माना डोलावतात. परंतु हे नाव केवळ गाण्यासाठी बनविलेले नव्हे. ते एका खऱ्याखुऱ्या माणसाचे नाव होते आणि तो माणूस मोठ्या योग्यतेचा संगीतकार होता, हे नाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

या संगीतकाराचे कार्य नीट समजून घ्यावयाचे, तर आधी सोलापूरच्याच एखाद्या मागापाशी क्षणभर थांबले पाहिजे. मागावर चादर विणली जात असते. लांबच लांब ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा, आणि त्यांमधून धोट्याच्या साहाय्याने इकडून तिकडे नेलेले आडवे धागे म्हणजे बाणा. नुसता ताणा म्हणजे धाग्यांची एक रांग, आणि नुसता बाणा म्हणजे सुताचा गुंडा. दोहोंची गाठ पडते, तेव्हाच वस्त्र तयार होते. चादरीवरील नक्षीसाठी मागाच्या माथ्यावर जॅकार्ड नावाचे यंत्र बसविलेले असते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ त्यातून फिरते, आणि कोणता उभा धागा केव्हा वर उचलावयाचा हे त्या छिद्रांवरून ठरते. हे यंत्र मूळचे सोलापूरचे नव्हे. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने ते १८०४ च्या सुमारास सिद्ध केले. असे असूनही सोलापुरी चादर ही सोलापूरचीच राहिली. ती फ्रान्सची झाली नाही. कारण येथील विणकराने परक्या देशातील यंत्र आपल्या हाताखाली घेतले आणि नक्षी मात्र स्वतःच्या आवडीची राखली.

संगीताच्या क्षेत्रात असेच विणकाम करण्याचा ध्यास अँथनी गोन्साल्विस यांनी घेतला होता. भारतीय राग हा त्यांचा ताणा होता, पाश्चात्त्य वाद्यवृंद हा बाणा होता. हे काम ऐकावयास सोपे वाटते, पण ते अत्यंत अवघड होते. ते का अवघड होते, हे पियानोच्या उदाहरणावरून चांगले कळते.

पियानो हे पाश्चात्त्य संगीतातील एक प्रमुख वाद्य होय. इटलीतील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास ते प्रथम तयार केले. आजच्या पियानोला एकंदर ८८ पट्ट्या असतात. त्यांपैकी ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. पट्टी दाबली, की आतील लोकरीच्या नमद्याने मढविलेली लहानशी हातोडी तारेवर आघात करते आणि सूर उमटतो. एका सप्तकात अशा बारा पट्ट्या असून लगतच्या कोणत्याही दोन सुरांतील अंतर सारखेच ठेवलेले असते. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतील सूर पियानोतून काही केल्या निघत नाही.

याउलट, आपला गवई एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे जाताना पुष्कळदा मध्ये कोठेही न तुटता घसरत जातो. यालाच मींड म्हणतात. दरबारी कानडा या रागातील गांधार तर एका जागी स्थिर न राहता झोपाळ्याप्रमाणे मंद मंद झुलत असतो. अशा जागा पियानोवर कशा दाखवाव्यात? जिना चढताना पायऱ्यांवरच पाऊल ठेवावे लागते. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहता येत नाही. पियानो हा असा जिना आहे, आणि मींड ही उताराची वाट आहे.

परंतु पियानोजवळ आणखी एक सामर्थ्य आहे. त्यावर दहाही बोटांनी एकाच वेळी अनेक सूर वाजविता येतात. षड्ज, गांधार आणि पंचम या तीन पट्ट्या एकदम दाबल्या, तर तिन्ही सुरांचा मिळून एक भरीव, गोड नाद उमटतो. निरनिराळे सूर एकाच क्षणी परस्परांशी जुळवून वाजविण्याच्या या पद्धतीला स्वरसंवाद किंवा हार्मनी असे म्हणतात. युरोपातील संगीताचा सारा डोलारा या हार्मनीवर उभा आहे. आपल्या रागसंगीतात मात्र एकामागून एक असे स्वर येतात. तानपुऱ्याचा अखंड नाद मागे चालू असतो आणि त्यावर गायक एकच सुरेल धागा लांबवीत नेतो. थोडक्यात म्हणजे, आपले संगीत उभ्या धाग्यासारखे, तर त्यांचे संगीत आडव्या धाग्यांनी गच्च विणलेले. या दोहोंची वीण कशी जमवावी, हाच प्रश्न होता.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यात, सासष्टी तालुक्यातील माजोर्डा या गावी झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता. तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकविण्याची जुनी परंपरा होती. अँथनी यांचे वडील गावच्या चर्चमधील गायकवृंदाचे शिक्षक होते. त्यामुळे बाळपणापासूनच त्यांच्या कानांवर पाश्चात्त्य संगीताचे संस्कार घडले आणि पाच आडव्या रेघांवर लिहिलेले सूर ते पुस्तकातील धड्याप्रमाणे वाचू लागले.

त्याच गोव्यात संगीताचा दुसराही एक प्रवाह वाहत होता. मंगेशी, केरी, कुर्डी अशा गावांच्या देवळांतून आणि उत्सवांतून भजन, कीर्तन व नाट्यगीते घुमत होती. मास्टर दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशी थोर गायक मंडळी याच भूमीने दिली. एकाच भूमीत हे दोन प्रवाह शेजारीशेजारी वाहत होते; परंतु ते क्वचितच एकमेकांना मिळत. चर्चमधील व्हायोलिनवादकाला राग ठाऊक नसे, आणि देवळातील गायकाला हार्मनीची ओळख नसे.

१९४३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, अँथनी मुंबईस आले. संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात त्यांना व्हायोलिनवादकाचे काम मिळाले. त्या काळच्या मुंबईत चित्रपटांसाठी गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम जोरात चालू असे आणि तेथे गोव्याच्या वादकांना मोठी मागणी असे. संगीत-दिग्दर्शक चाल गाऊन दाखवी. ती ऐकताच संयोजक ती कागदावर उतरवून घेई, कोणत्या वाद्याने केव्हा काय वाजवावे हे ठरवी, आणि प्रत्येक वादकापुढे त्याच्या त्याच्या वाट्याचा कागद ठेवी. मागावरील छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी जे काम करावे, तेच काम येथे हे लिहिलेले कागद करीत. पूर्वी गाण्यातील बहुतेक वाद्ये गायकाच्याच चालीमागून जात असत. या संयोजकांमुळे गायक एक ओळ गात असता व्हायोलिने दुसरीच ओळ तिच्याभोवती गुंफू लागली, आणि हिंदी चित्रगीतांना नवी श्रीमंती आली. पण चित्रपटाच्या नामावलीत संगीत-दिग्दर्शकाचे नाव झळके. संयोजकाचे व वादकांचे नाव तेथे बहुधा येत नसे. चादरीवर तरी विणकराचे नाव कोठे असते?

अँथनी लवकरच अशा संयोजकांच्या मालिकेत जाऊन बसले. चांगली मिळकत होऊ लागली, नाव होऊ लागले. दुसरा एखादा यावरच समाधान मानून स्वस्थ बसला असता. परंतु ध्वनिमुद्रणाच्या निमित्ताने त्यांची हिंदुस्थानी संगीताच्या जाणत्या वादकांशी गाठ पडली, आणि रागाच्या सौंदर्याने त्यांचे मन वेधून घेतले. आपल्याला स्वरलेखन वाचता येते, म्हणून आपल्याला संगीत कळते, असा अभिमान त्यांनी धरला नाही. काम आटोपल्यावर ते त्या वादकांजवळ बसत, राग ऐकत आणि शिकत. नवे शिकण्यासाठी आधी आपले अज्ञान मान्य करावे लागते. ते त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले.

व्हायोलिन हे वाद्य त्यांच्या या अभ्यासाला फार उपयोगी पडले. व्हायोलिन युरोपातून आले खरे. पण त्याला पियानोप्रमाणे पट्ट्या नसतात, किंवा सतारीप्रमाणे पडदेही नसतात. वादकाचे बोट तारेवरून हवे तसे घसरू शकते. म्हणून त्यावर मींड सहज निघते. दक्षिण भारतातील गुणी वादकांनी तर एकोणिसाव्या शतकातच हे वाद्य आपलेसे केले होते. ज्या वाद्यावर अँथनी लहानपणी चर्चमधील सुरावटी वाजवीत, त्याच वाद्यावर आता त्यांना रागाचे स्वर गवसू लागले.

तथापि, एकट्या व्हायोलिनवर राग वाजविणे निराळे, आणि शंभर वादकांकडून तो वाजवून घेणे निराळे. येथे हार्मनीचा प्रश्न उभा राहतो. अँथनी यांनी सारंग रागावर आधारलेली एक रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी केली. सारंगाच्या सर्वपरिचित प्रकारात, म्हणजे वृंदावनी सारंगात, गांधार व धैवत हे दोन स्वर वर्ज्य असतात. हार्मनीतील पहिला, सर्वांत सोपा स्वरमेळ कोणता? तर षड्ज, गांधार, पंचम. पण सारंगात गांधार लागला, की राग मोडलाच! म्हणजे युरोपीय संगीताचा पहिलाच धडा येथे बाजूला ठेवावा लागतो. मग पंचम, निषाद आणि रिषभ हे तीन स्वर एकत्र घ्यावेत काय? ते तिन्ही रागातले आहेत, आणि त्यांचा परस्परांशी मेळही उत्तम बसतो. अशा रीतीने, रागाच्या अंगणाबाहेर पाऊल न टाकता, रागाच्याच स्वरांतून मेळ शोधून काढावा लागतो. यासाठी दोन्ही शास्त्रांचे नियम मुखोद्गत असावे लागतात. केवळ दोन वाद्ये शेजारी ठेवून ती एकदम वाजविली, म्हणजे दोन संगीतांचा संगम झाला, असे होत नाही. त्याने नुसता गोंगाट होतो.

मनातील ही कल्पना लोकांपुढे ठेवण्यासाठी १९५८ साली अँथनी यांनी मुंबईत ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ नावाचा भव्य वाद्यवृंद उभा केला. त्यात शंभराहून अधिक कलावंत होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम झाला. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्या काळचे दोन श्रेष्ठ पार्श्वगायक या कार्यक्रमात गायिले. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ हे गोव्यातील मंगेशीचे. म्हणजे माजोर्ड्याच्या चर्चमधील स्वरपरंपरेत वाढलेला संगीतकार आणि मंगेशीच्या देवळाच्या छायेतील घराण्याची गायिका एकाच मंचावर आली होती. गोव्यात जे दोन प्रवाह वेगवेगळे वाहत होते, त्यांचा तेथे संगम झाला. गोवा तेव्हा अद्याप परक्या सत्तेखाली होता. तो मुक्त व्हावयास १९६१ साल उजाडावे लागले. तत्पूर्वी तीन वर्षे गोव्याच्या या पुत्राने आपल्या वाद्यवृंदास ‘भारतीय’ असे नाव दिले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हा प्रयोग फार काळ चालू शकला नाही. एवढा मोठा वाद्यवृंद चालविणे हे अतिशय खर्चाचे काम. युरोपात अशा वाद्यवृंदांना सरकारचे, नगरांचे किंवा धनिकांचे पाठबळ असते. येथे तसा आश्रय लाभला नाही. शिवाय, रागाला हार्मनीची जोड द्यावी की नाही, याविषयी जाणकारांतही एकमत नव्हते आणि आजही नाही. रागातील स्वर इतके नाजूक असतात, की दुसरे सूर त्यांच्याबरोबर वाजले तर त्यांचा रंग फिका पडतो, असे काहींचे म्हणणे असते. तर मूळ स्वभावाला धक्का न लावता कोणत्याही कलेत नवी भर घालता येते, असे दुसऱ्यांना वाटते. हा वाद खोटा नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच असा प्रयोग करणाऱ्याची जबाबदारी मोठी असते. पुढे १९७१ साली पंडित रविशंकर यांनी सतार आणि वाद्यवृंद यांसाठी केलेली रचना लंडनच्या प्रसिद्ध सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर सादर केली, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले. परंतु त्याआधी तेरा वर्षे मुंबईच्या एका महाविद्यालयाच्या अंगणात त्या वाटेवर पावले पडली होती.

१९६५ साली अँथनी यांनी चित्रपटसृष्टीचा निरोप घेतला आणि ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. कालांतराने ते मायदेशी परतले. पण मुंबईच्या झगमगाटात पुन्हा रमले नाहीत. माजोर्डा या आपल्या गावी त्यांनी शांतपणे आयुष्य काढले. हळूहळू लोक त्यांना विसरले.

परंतु एक शिष्य मात्र विसरला नव्हता. अँथनी यांच्याजवळ मुंबईत जी मुले व्हायोलिन शिकत, त्यांत प्यारेलाल शर्मा नावाचा एक मुलगा होता. मोठेपणी हाच मुलगा ‘लक्ष्मीकांत-प्यारेलाल’ या विख्यात जोडीतील एक संगीतकार झाला. ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गीताला चाल देण्याचे काम या जोडीकडे आले, तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव त्या गीतात गुंफले. ज्या काळी चित्रपटाच्या नामावलीत संयोजकाला जागा नव्हती, त्या काळात काम केलेल्या एका संयोजकाचे नाव शिष्याच्या कृतज्ञतेमुळे देशातील घरोघरी जाऊन पोहोचले. गुरुदक्षिणेचे असे उदाहरण विरळाच! मात्र यातही एक खेद उरतो. लोकांनी नाव उचलले, पण त्या नावामागचा माणूस कोण, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. १८ जानेवारी २०१२ रोजी अँथनी गोन्साल्विस यांचे गोव्यात निधन झाले.

मोठे यश म्हणजे अखंड टिकणारी संस्था किंवा सतत होणारा जयजयकार, असे आपण समजतो. त्या मापाने मोजले, तर अँथनी यांचा वाद्यवृंद अयशस्वी झाला असे म्हणावे लागेल. परंतु त्यांनी जे दाखवून दिले, ते टिकून राहिले. दुसऱ्याची कला घ्यावयाची असेल, तर ती पुरती शिकून घ्यावी. आणि ती घेताना आपल्या कलेचा प्राण गमावू नये. ही दोन पथ्ये पाळली, तर दोन परंपरांच्या मीलनातून नवे वस्त्र विणले जाते. ती पाळली नाहीत, तर हाती केवळ गुंता येतो.

सोलापूरच्या बाजारपेठेत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या भाषा रोज एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून वावरतात. तेथील मुलांना अनेक धाग्यांची वीण नवी नाही. पुढच्या वेळी वरातीतला बँड ते परिचित गीत वाजवू लागला, म्हणजे त्यांनी खुशाल ठेका धरावा. पण मनात क्षणभर त्या माजोर्ड्याच्या व्हायोलिनवादकाचीही आठवण ठेवावी. अंगावर चादर ओढून घेताना अनाम विणकराचे जसे स्मरण करावे, तसेच हे स्मरण होय.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ताणा व बाणा म्हणजे काय?
(आ) पियानोवर मींड का निघू शकत नाही?
(इ) व्हायोलिन हे वाद्य अँथनी यांच्या अभ्यासाला उपयोगी का पडले?
(ई) प्यारेलाल यांनी आपल्या गुरूविषयीची कृतज्ञता कशी व्यक्त केली?

२. सारंग रागासाठी हार्मनी रचताना कोणती अडचण येते? ती कशी दूर करता येईल? आपल्या शब्दांत सांगा.

३. ‘त्याने नुसता गोंगाट होतो,’ असे या पाठात कशाविषयी म्हटले आहे? तसे का म्हटले आहे?

४. अँथनी गोन्साल्विस यांचा वाद्यवृंद यशस्वी झाला असे तुम्हांस वाटते काय? कारणे देऊन लिहा.

५. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : ध्यास घेणे, मुखोद्गत असणे, मन वेधून घेणे, तसदी घेणे, अनाम, पाठबळ.

६. तुमच्या गावात तयार होणाऱ्या एखाद्या वस्तूची माहिती मिळवा. तिच्या निर्मितीत बाहेरून आलेले काय आहे आणि गावचे स्वतःचे काय आहे, हे दहा ओळींत लिहा.